नांदगावचे दैवज्ञ आणि चंद्राचे समागम

जुन्या मराठी मुलखात गावच्या जोशाला वतन होते, पाडव्याला पंचांग वाचून दाखविण्याचा हक्क होता आणि त्याबद्दल बलुत्यात वाटाही होता. परंतु चंद्राशेजारी झळकणाऱ्या एखाद्या तेजोबिंबाकडे बोट करून, हा गुरू की शुक्र, असे कोणी विचारलेच, तर मान वर करण्याऐवजी पोथीतील रास पाहूनच उत्तर देण्याकडे त्याचा कल अधिक असावा, असे म्हटल्याने त्या वर्गावर फारसा अन्याय होईलसे वाटत नाही. तथापि याच मुलखात पोथीतील अंक आकाशाशी रुजू करून पाहणारे एक घराणेही होऊन गेले.

मुरूड-जंजिऱ्याच्या उत्तरेस समुद्रकाठी नांदगाव आहे. तेथील केशव दैवज्ञांनी शके १४१८, म्हणजे इ. स. १४९६ मध्ये, ‘ग्रहकौतुक’ हा करणग्रंथ, म्हणजे ग्रहगणिताचा सुटसुटीत व्यवहारग्रंथ, रचला आणि त्यावर स्वतःच टीका लिहिताना, ब्राह्म, आर्य व सौर या तिन्ही पक्षांची, म्हणजे सिद्धांतपरंपरांची, गणिते प्रत्यक्ष ग्रहांशी कशी जुळत नाहीत, हे नक्षत्रांच्या व ग्रहांच्या युती आणि उदयास्त पाहून नमूद केले. क्वचित पाच अंशांचेही अंतर त्यांना आढळले. पाच अंश हा आकडा कागदावर किरकोळ भासतो; आकाशात तो चंद्रबिंबाच्या दहापट रुंदीएवढा भरतो, आणि तेवढे अंतर काटण्यास चंद्राला नऊ तास लागतात; म्हणजे सायंकाळी व्हावयाची म्हणून सांगितलेली युती पहाटे होते, किंवा ती होऊन गेल्यावर चंद्र उगवतो.

अशा पडताळ्यासाठी चंद्रासारखा साक्षीदार दुसरा नाही. महालोमहाल फिरून हिशेब तपासणाऱ्या कमाविसदाराप्रमाणे तो सुमारे सव्वासत्तावीस दिवसांत सगळे राशिचक्र फिरतो आणि त्या फेरीत प्रत्येक ग्रहाजवळून जातो. ग्रहाग्रहांच्या भेटीला सूर्यसिद्धांताने युद्ध किंवा समागम म्हटले आहे, चंद्राच्या भेटीला मात्र समागमच. या समागमांत ग्रह ओळखण्याची एक कसोटी सहजच हाती येते. शुक्र सूर्यापासून सुमारे ४७ अंशांपलीकडे आणि बुध २८ अंशांपलीकडे कधी जात नसल्यामुळे त्यांची गाठ पडते ती केवळ कोरीशी. सायंकाळी पश्चिमेस किंवा पहाटे पूर्वेस. अर्धा अथवा पुरा चंद्र असेल आणि जवळ तेजस्वी, न लुकलुकणारे बिंब असेल, तर तो शुक्र नव्हे. बहुधा गुरू असतो, आणि तांबूस असल्यास मंगळ. मात्र तांबूस रंगावरून निकाल देणाऱ्याने ज्येष्ठेची तारा प्रथम आठवावी. तीही चंद्राच्या वाटेवरच आहे, आणि मंगळ म्हणून तिने पुष्कळांना फसविले आहे.

केशवांचे पुत्र गणेश दैवज्ञ यांनी शके १४४२, म्हणजे इ. स. १५२० मध्ये, ‘ग्रहलाघव’ लिहिले, आणि वडिलांचे हे वेध त्यात कामास आणले. कोणता ग्रह कोणत्या पक्षाचा घेतला असता दृष्टीस जुळतो, याची वाटणी त्यांनी एकाच श्लोकात करून टाकली आहे: चंद्र सौरपक्षाचा, पण नऊ कला उणा, गुरू आर्यपक्षाचा, शनीही त्याच पक्षाचा, परंतु पाच अंश अधिक, शुक्राचे केंद्र ब्राह्म व आर्य यांच्या मधले. परंपरेपुढे नम्र राहूनही तिच्या अंकांत बिनदिक्कत खाडाखोड करण्याचे हे धैर्य मला त्या ग्रंथातील सर्वांत मोलाचे वाटते. लोकांना मात्र त्याचे सोपेपण भावले. अकरा वर्षांचे, ४०१६ दिवसांचे एक चक्र धरून आणि ज्याचापांची, म्हणजे जीवा व कंस काढण्याची, कटकट टाळून केलेले ते गणित इतके सुटसुटीत होते, की महाराष्ट्र, गुजरात, कर्नाटक अशा विस्तीर्ण प्रदेशात पंचांगे त्यावरून होऊ लागली. पुढील गणकांनी युती व उदयास्त पाहून नवे ग्रंथ करावेत, असे केशव लिहून गेले होते. परंतु वेध मागे पडला आणि पाठांतर राहिले.

तीन शतकांनंतर पुण्याचे केरो लक्ष्मण छत्रे यांनी युरोपीय साधनांच्या आधारे १८६० मध्ये ‘ग्रहसाधनाची कोष्टके’ प्रसिद्ध केली, आणि १८६५ पासून त्यांच्या गणिताचे पटवर्धनी पंचांग निघू लागले. ग्रहणे व युती त्यात आकाशाशी जुळत. राशिचक्राचा आरंभ कोणत्या ताऱ्यापासून धरावा, यावरून मात्र तंटा माजला, आणि बहुतेक घरांतील एकादश्या-चतुर्थ्या जुन्याच पंचांगावर चालू राहिल्या. गणेश दैवज्ञांच्या दुरुस्तीचाच आधार घेऊन नव्या दुरुस्तीला विरोध करणाऱ्यांना यातील विसंगती जाणवली नसेल, असे मानणे कठीण आहे.

दापोलीकडील मुरूडचे शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी १८९६ च्या ‘भारतीय ज्योतिःशास्त्रा’त या सर्व ग्रंथकारांची साक्षेपी छाननी केली, आणि ‘ज्योतिर्विलासा’त सामान्य वाचकाला तारे व ग्रह ओळखावयास शिकविले. दोनच वर्षांनी, १८९८ मध्ये, बागलकोटचे व्यंकटेश बापूजी केतकर यांनी ‘केतकी ग्रहगणित’ संस्कृत श्लोकांत रचले. त्यातील ग्रहगती आधुनिक वेधांच्या होत्या, बांधणी मात्र ग्रहलाघवाच्याच वळणाची, कारण पंचांगकर्त्याचा हात त्याच वळणावर बसलेला होता.