दाभोळ वीज प्रकल्प (१९९२-२००५) : खुल्या होणाऱ्या अर्थव्यवस्थेतील गुंतवणुकीची संधी आणि जोखीम

प्रस्तावना

एखादी बंदिस्त अर्थव्यवस्था खुली होऊ लागली की परकीय भांडवलास दोन गोष्टी एकाच वेळी दिसतात. एक म्हणजे वर्षानुवर्षे न भागलेली मागणी आणि दुसरी म्हणजे अद्याप न रुळलेले कायदे व संस्था. पहिलीत संधी असते, तर दुसरीत जोखीम. १९९१ नंतरच्या भारतात या दोहोंचा हिशेब मांडण्याचा सर्वांत मोठा प्रयोग कोकणात, गुहागर तालुक्यातील दाभोळ वीज प्रकल्पाच्या रूपाने झाला. हा हिशेब कसा मांडला गेला आणि तो कोठे चुकला, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

संधीची पार्श्वभूमी

१९९१ च्या मध्यास भारताकडील परकीय चलनाची गंगाजळी जेमतेम दोन आठवड्यांच्या आयातीस पुरेल इतकी आटली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये नवे औद्योगिक धोरण जाहीर झाले आणि वीजनिर्मितीचे क्षेत्र खाजगी भांडवलास खुले करण्यात आले. विजेचा तुटवडा खरा होता. परंतु तो भरून काढण्यास लागणारे भांडवल ना केंद्राकडे होते, ना राज्यांच्या वीज मंडळांकडे. म्हणून शंभर टक्के परकीय मालकीस मुभा आणि भागभांडवलावर १६ टक्के परतावा अशा सवलती देऊ करण्यात आल्या.

या पार्श्वभूमीवर २० जून १९९२ रोजी अमेरिकेतील एन्रॉन कंपनीशी महाराष्ट्र राज्य वीज मंडळाचा सामंजस्य करार झाला. त्यासाठी जाहीर निविदा मागविण्यात आल्या नव्हत्या. दाभोळ पॉवर कंपनीत एन्रॉनचा ८० टक्के, तर जनरल इलेक्ट्रिक व बेक्टेल यांचा प्रत्येकी १० टक्के वाटा ठरला. १९९३ मध्ये जागतिक बँकेने या प्रकल्पास अर्थसाहाय्य देण्याचे नाकारले. आयात केलेल्या द्रवरूप नैसर्गिक वायूवर चालणारी वीज राज्याला महाग पडेल आणि सतत चालवावयाचा एवढा मोठा प्रकल्प राज्याच्या गरजेशी जुळत नाही, असा तिचा आक्षेप होता. तरीही ८ डिसेंबर १९९३ रोजी वीस वर्षांचा वीज खरेदी करार करण्यात आला.

कराराची घडण

गुंतवणूकदाराच्या दृष्टीने पाहता येथे चार जोखमी होत्या : रुपयाची घसरण, इंधनाचे चढउतार, विजेची अपुरी उचल आणि ग्राहकाची नादारी. पहिल्या दोन जोखमी दर ठरविण्याच्या सूत्राद्वारे मंडळाकडे गेल्या. डॉलरचा भाव किंवा इंधनाची किंमत वाढल्यास दरही वाढणार होता. तिसरी जोखीम स्थिर आकाराने टाळली गेली. प्रकल्प ठरल्या प्रमाणात उपलब्ध असला की मंडळाने वीज घेतली नाही तरी हा आकार देणे भाग होते. चौथ्या जोखमीसाठी राज्य शासनाची हमी आणि तिच्यावर सप्टेंबर १९९४ मध्ये केंद्र शासनाची प्रतिहमी घेण्यात आली. वादाचा निवाडा लंडनमधील लवादाकडे सोपविला गेला.

कागदावर गुंतवणूकदारास आता जोखीम जवळजवळ उरली नव्हती. परंतु ती नाहीशी झाली नव्हती. तिने केवळ जागा बदलली होती. ज्या मंडळाच्या खांद्यावर ती आली, त्याची आर्थिक स्थिती कृषिपंपांची सवलतीची वीज, गळती आणि थकबाकी यांमुळे आधीच नाजूक होती.

राजकीय संघर्ष आणि फेरकरार

१९९५ च्या विधानसभा निवडणुकीत हा प्रकल्प प्रचाराचा विषय झाला. सत्तेवर आलेल्या शिवसेना-भाजप युतीच्या शासनाने उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि ३ ऑगस्ट १९९५ रोजी प्रकल्प रद्द केल्याचे जाहीर केले. कंपनीने लंडनच्या लवादाकडे धाव घेतली. काही महिन्यांतच वाटाघाटी होऊन जानेवारी १९९६ मध्ये त्याच शासनाने प्रकल्पास पुन्हा मान्यता दिली. मूळ करारात २०१५ मेगावॅट असलेली क्षमता फेरकरारात २१८४ मेगावॅट झाली. मंडळावर पूर्वी पहिल्याच टप्प्याचे बंधन होते. आता दोन्ही टप्प्यांचे आले. प्रकल्प रद्द करणाऱ्यांच्याच हातून जोखीम अशी वाढली, हा या इतिहासातील सर्वांत बोधप्रद भाग होय.

अंजनवेल, वेलदूर, रानवी या गावांतील शेतकरी व मच्छीमार तर कोणत्याच वाटाघाटीत पक्षकार नव्हते. जमीन आणि मासेमारी या दोन्ही आधारांवर परिणाम होण्याची त्यांना भीती होती. १९९७ मधील त्यांच्या आंदोलनावर झालेल्या पोलीस कारवाईची नोंद ह्यूमन राइट्स वॉच या संस्थेने १९९९ च्या अहवालात घेतली.

हिशेब चुकतो

मे १९९९ मध्ये ७४० मेगावॅटचा पहिला टप्पा नाफ्थ्यावर सुरू झाला. करार झाला तेव्हा डॉलर सुमारे ३१ रुपयांना होता. २००० च्या अखेरीस तो ४६ रुपयांच्या वर गेला. १९९९ च्या प्रारंभी स्वस्त असलेले खनिज तेल पुढील वर्षी पिंपामागे ३० डॉलरच्या वर पोहोचले. दर वाढताच मंडळाने उचल कमी केली. पण स्थिर आकार तेवढाच राहिला. उचल निम्मी झाली की प्रत्येक युनिटवरील या आकाराचा भार दुप्पट होतो. महाग म्हणून वीज कमी घ्यावी आणि कमी घेतली म्हणून ती अधिक महाग पडावी, असे हे दुष्टचक्र होते.

२००० च्या अखेरीपासून देयके थकली. करारात ठरलेल्या वेळेत प्रकल्पाने निर्मिती वाढविली नाही, असे सांगून मंडळाने ४०१ कोटी रुपयांचा दंड मागितला. कंपनीने तो अमान्य केला. प्रथम राज्याची हमी व नंतर, फेब्रुवारी २००१ मध्ये, केंद्राची प्रतिहमी पुढे करण्यात आली. माधव गोडबोले यांच्या अध्यक्षतेखालील समितीने एप्रिल २००१ च्या अहवालात एका पक्षाकडे बोट न दाखविता लागोपाठच्या शासनांच्या निर्णयप्रक्रियेतील अपयश नोंदविले. मेअखेरीस प्रकल्प बंद पडला आणि पूर्णत्वास आलेल्या दुसऱ्या टप्प्याचे काम थांबले. त्याच वर्षी २ डिसेंबर रोजी खुद्द एन्रॉनने अमेरिकेत दिवाळखोरीचा अर्ज केला. प्रकल्पास कर्जे देणाऱ्या भारतीय वित्तसंस्थांचा पैसा अडकला. शेवटी २००५ मध्ये सार्वजनिक क्षेत्रातील एनटीपीसी व गेल यांच्या सहभागाने रत्नागिरी गॅस अँड पॉवर ही कंपनी स्थापून प्रकल्प ताब्यात घेण्यात आला.

समारोप

या अपयशाचा दोष केवळ परकीय भांडवलास देणे सोपे आहे. पण ते अपुरे ठरेल. विजेची गरज खरी होती आणि भांडवलाचीही. चूक झाली ती जोखमीच्या वाटणीत. जो पक्ष जोखीम पेलू शकत नाही त्याच्यावर ती सर्व लादली की करार मोडण्याचीच शक्यता वाढते, आणि ते न मोजलेले संकट अखेर गुंतवणूकदारावरही उलटते. हमी आणि प्रतिहमी यांमुळे देणे कोणी द्यावयाचे हे ठरते. ते देण्याची ऐपत त्यांतून निर्माण होत नाही.

२००३ च्या वीज कायद्याने पारदर्शक बोलीतून ठरलेला दर स्वीकारण्याची तरतूद केली. नियामक आयोग, खुली स्पर्धा आणि ग्राहकाची आर्थिक क्षमता यांची घडी बाजारपेठ खुली होण्याबरोबरच बसावी लागते, हा धडा मात्र तोवर महाराष्ट्राने मोठी किंमत मोजून घेतला होता.