‘पित्त’ म्हणून सोसलेलें दुखणें

मराठी भाषेंत ‘पित्त’ हा शब्द जितका राबविला जातो, तितका वैद्यकांतील दुसरा शब्द क्वचितच राबविला जात असेल. घशाशीं आंबट आलें कीं पित्त, डोकें चढलें कीं पित्त, अंगावर गांधी उठल्या कीं पित्त, आणि अवेळीं राग आला तर तेथेंहि पित्तच खवळलेलें असतें. शब्द असा सर्वसंग्राहक झाला म्हणजे त्याच्या आड पुष्कळ गोष्टी लपून बसतात. यकृताखालील पित्ताशय नांवाच्या लहानशा पिशवींत खडे होऊन उठणारी कळ ही त्यांपैकीं एक होय. ती पिशवी काढून टाकण्याच्या शस्त्रक्रियेचा इतिहास येथें सांगावयाचा आहे. परंतु तो केवळ शस्त्राचा इतिहास नव्हे. शस्त्र बर्लिनहून मुंबईस आणि मुंबईहून कल्याण-डोंबिवलीस कसें आलें हें सांगतांना, स्वयंपाकघरापासून इस्पितळापर्यंतचें अंतर तुटावयास इतका काळ कां लागला, याचाहि विचार करणें प्राप्त आहे.

या विषयाकडे आमचें लक्ष वळलें तें घरांतील दोन शस्त्रक्रियांमुळें. आमच्या आत्याबाई कल्याणास राहात असत. जेवणांत तुपातेलाचें कांहीं झालें कीं रात्रीं त्यांच्या उजव्या बरगडीखालीं कळ उठे व ती पाठींतून खांद्यापर्यंत जाई. पहांटेपर्यंत त्या भिंतीला टेकून बसत आणि सकाळीं पुन्हां शेगडीपुढें उभ्या राहात. घरचे म्हणत, ‘पित्त झालें असेल’. त्याहि तेंच म्हणत. मोरावळा, आलेपाक, सोडा, उपास असे उपाय दहा वर्षें चालले. शेवटीं डोळे पिवळे झाले, तेव्हां त्यांस गाडीनें मुंबईस नेऊन एका मोठ्या इस्पितळांत ठेवलें. १९७६ सालची ही गोष्ट. पोटावर वीतभर छेद, नाकांत एक नळी, कुशींतून पित्त बाहेर नेणारी दुसरी नळी, आणि सोळा दिवसांचा मुक्काम. पुढें २०२३ सालीं आमच्या धाकट्या बहिणीचीं तींच खड्यांचीं लक्षणें डोंबिवलींतच ओळखलीं गेलीं. पोटावर चार बारीक छिद्रें पाडलीं आणि दुसऱ्या दिवशीं ती रिक्षानें घरीं आली. हा पालट घडला कसा?

प्रथम शरीररचना थोडक्यांत पाहूं. यकृतांत रोज सुमारें अर्धा ते एक लिटर पित्त तयार होतें. त्यांतील कांहीं भाग लांबट पेरूच्या आकाराच्या या पिशवींत सांठतो व घट्ट होतो. स्निग्ध अन्न पोटांत गेलें म्हणजे पिशवी आकुंचन पावून तें आंतड्याकडे सोडते. पित्तांतील कोलेस्टेरॉलाचें किंवा रंजकद्रव्याचें प्रमाण बिघडलें कीं कण एकत्र येऊन खडे बनतात. खडा पिशवीच्या तोंडाशीं अडकला तर कळ उठते. निसटून मुख्य नळींत अडकला तर कावीळ होते. घशाशीं येणारें आंबट हें बहुधा जठरांतील आम्ल असतें. त्याचा या पिशवीशीं संबंध नसतो. आपण मात्र दोहोंना एकच नांव देऊन बसलों.

आपल्या प्राचीन वैद्यांचा असा घोटाळा झालेला दिसत नाहीं. चरकसंहितेंत काविळीचा एक विशिष्ट प्रकार सांगितला आहे. त्यांत रोग्याचा मळ वाटलेल्या तिळासारखा पांढुरका होतो, आणि त्याचें कारण कफानें पित्ताचा मार्ग अडविला हें होय, असें तेथें म्हटलें आहे. अडविणारा पदार्थ कोणता याविषयीं मतभेद असो. मार्ग अडल्यामुळें मळाचा रंग गेला हें निरीक्षण आजच्या कोणाहि डॉक्टरास मान्य होईल. सुश्रुतानें तर मूत्राशयांतील अश्मरी शस्त्रानें काढण्याचा विधि तपशीलवार दिला आहे. तथापि पित्ताशयाच्या खड्यावर शस्त्र चालविण्याचा विधि तेथें नाहीं. यकृताच्या कुशींत हात घालून रोगी जिवंत ठेवावयाचा, तर त्यास भूल व निर्जंतुक शस्त्रें हीं दोन्हीं हवीं होतीं. आणि तीं एकोणिसाव्या शतकापर्यंत जगांत कोणापाशींच नव्हतीं.

१८६७ सालीं अमेरिकेंतील इंडियानापोलिस येथें डॉ. जॉन बॉब्स यांनीं एका स्त्रीचें पोट उघडलें. अंडाशयाची गांठ असावी असा तर्क होता; निघाली ती खड्यांनीं भरलेली पित्ताची पिशवी. त्यांनीं खडे काढून पिशवी शिवून टाकली व बाई बरी झाली. पिशवी ठेवून खडे काढावे, हीच रीत पुढें कांहीं वर्षें चालली. परंतु पिशवी राहिली कीं खडे पुन्हां होत. बर्लिन येथील लाझारस इस्पितळाचे तरुण सर्जन कार्ल लांगेनबुख यांनीं यावर मूलगामी विचार केला. पिशवी काढावयाची ती तींत खडे आहेत म्हणून नव्हे, तर ती खडे निर्माण करते म्हणून, असें त्यांचें म्हणणें होतें. घोडा व हत्ती यांस पित्ताशय नसतें. कुत्र्यांचें काढलें तरी तीं जगतात, हें सतराव्या शतकांतच दिसून आलें होतें. मग मनुष्यासच त्यावांचून कां चालूं नये? त्यांनीं आधीं प्रेतांवर सराव केला आणि १५ जुलै १८८२ रोजीं सोळा वर्षें कळांनीं पिडलेल्या, मॉर्फियाच्या आहारीं गेलेल्या ४३ वर्षांच्या एका गृहस्थाचें पित्ताशय काढलें. दुसऱ्या दिवशीं रोग्यास ताप नव्हता व तो चिरूट ओढीत होता, असें वर्णन आहे. सहा आठवड्यांनीं तो घरीं गेला.

त्या वेळीं आमच्या या भागाची स्थिति काय होती? ठाण्यास आगगाडी १८५३ सालीं आली, कल्याणास १८५४ सालीं. मुंबईंत जमशेदजी जीजीभाई इस्पितळ व ग्रँट मेडिकल कॉलेज हीं १८४५ पासून चालू होतीं. म्हणजे कल्याणच्या रोग्यास भायखळ्याची वाट मोकळी होती. पण ती चालावयाची कोणी? पित्ताच्या खड्यांचा रोग तरुण व मध्यम वयांत पुरुषांपेक्षां स्त्रियांस दुपटीतिपटीनें अधिक होतो. गर्भारपणाचा त्याशीं निकट संबंध आहे. आणि परपुरुषापुढें पोट दाखविण्यापेक्षां मरण पत्करणें, ही त्या काळच्या कुलीन स्त्रीची रीत होती.

ही अडचण ज्या मुलीनें अंतःकरणापासून ओळखली, ती कल्याणच्याच जोशी घराण्यांतली. माहेरची यमुना, सासरची आनंदीबाई. चौदाव्या वर्षीं झालेलें तिचें मूल दहाबारा दिवसांत गेलें. लांगेनबुखाच्या शस्त्रक्रियेस वर्षहि झालें नव्हतें, तेव्हां १८८३ च्या फेब्रुवारींत आनंदीबाईंनीं बंगालमधील श्रीरामपूर येथें भाषण करून हिंदुस्थानांत स्त्री-डॉक्टर किती आवश्यक आहेत हें सांगितलें, आणि एप्रिलांत त्या अमेरिकेस निघाल्या. १८८६ सालीं फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयाची एम. डी. ही पदवी त्यांनीं मिळविली. त्याच साली मुंबईंत केवळ स्त्रियांकरितां कामा इस्पितळ उघडलें. पुढील २६ फेब्रुवारीस, वयाचीं बावीस वर्षें पुरीं होण्याआधींच, आनंदीबाई पुण्यास क्षयानें वारल्या. त्यांनीं पाहिलेली अडचण मात्र त्यांच्याबरोबर गेली नाहीं. आत्याबाई भिंतीला टेकून बसत होत्या ती त्याच कल्याणांत, आणि तीहि ऐंशीनव्वद वर्षांनंतर.

विसाव्या शतकांत शस्त्राभोंवतीं सुरक्षिततेचीं एकेक साधनें उभीं राहिलीं. १९२४ सालीं अमेरिकेंत ग्रॅहॅम व कोल यांनीं क्ष-किरणांत पित्ताशय दिसेल अशी युक्ति काढली. तोंवर पिशवी कशी आहे हें पोट उघडल्यावांचून कळत नसे. काविळीचे रोगी शस्त्रक्रियेनंतर रक्तस्रावानें दगावत, त्याचाहि उलगडा झाला. पित्त आंतड्यांत पोंचलें नाहीं तर ‘के’ जीवनसत्त्व शोषलें जात नाहीं, आणि त्यावांचून रक्त गोठत नाहीं. या जीवनसत्त्वाच्या शोधाबद्दल हेन्रिक डाम व एडवर्ड डॉइझी यांस १९४३ चें नोबेल पारितोषिक मिळालें. आत्याबाई पिवळ्या डोळ्यांनीं शस्त्रक्रियेस गेल्या व वांचल्या, यांत या शोधाचा वांटा मोठा आहे.

तरीहि पोटाच्या शस्त्रक्रियेची धास्ती लोकांत कायम होती, व ती निराधार नव्हती. १२ जानेवारी १९२४ च्या रात्रीं पुण्याच्या ससून इस्पितळांत महात्मा गांधींचें आंत्रपुच्छ कर्नल मॅडॉक यांनीं काढलें, तेव्हां मध्येंच वीज गेली आणि उरलेलें काम कंदिलाच्या उजेडांत पुरें करावें लागलें. १९५३ सालीं लंडन येथें ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री अँथनी ईडन यांचें पित्ताशय काढतांना पित्तनलिकेस इजा झाली. पुढें बॉस्टनमध्यें ती दुरुस्त करावी लागली, आणि त्यांच्या प्रकृतीस तें दुखणें कायमचें चिकटलें. पिशवी काढणें सोपें आहे. शेजारची नळी सांभाळणें अवघड आहे.

यानंतरचा पालट दुर्बिणीनें घडविला. जर्मनींतील बोब्लिंगेन येथें एरिख म्यूहे यांनीं १२ सप्टेंबर १९८५ रोजीं पोटास लहान छिद्रें पाडून दुर्बिणीच्या साहाय्यानें पित्ताशय काढलें. स्वदेशांतील सर्जनांनीं प्रथम त्यांची उपेक्षाच केली. आमच्याकडे या विद्येचा पाया मुंबईच्या जे. जे. इस्पितळांत डॉ. तेहमटन उडवाडिया यांनीं १९७२ सालींच घातला होता. सोनोग्राफी घरोघर माहीत होण्यापूर्वीं ते दुर्बीण घालून यकृताचे विकार व पोटांतील क्षय ओळखीत. १९९० सालीं त्यांनीं भारतांतील पहिलें पित्ताशय दुर्बिणीनें काढलें. महागड्या यंत्रांचे हे चोचले गरीब देशास कशास हवेत, या आक्षेपास त्यांचें उत्तर मार्मिक होतें. हातावर पोट असणाऱ्यासच लवकर कामावर जाण्याची गरज अधिक, म्हणून लहान छेदाचा खरा हक्कदार गरीबच. २०१७ सालीं त्यांस पद्मभूषण मिळालें व २०२३ च्या जानेवारींत ते निवर्तले. पूर्वीं ज्या शस्त्रक्रियेसाठीं भायखळा गांठावें लागे, ती आज ठाणें, कल्याण व डोंबिवलीच्या इस्पितळांत नित्याची झाली आहे.

परंतु छेद लहान झाला म्हणून चूक लहान होत नाहीं. दुर्बिणीच्या आरंभींच्या वर्षांत पित्तनलिकेच्या इजा कमी होण्याऐवजीं वाढल्या. मोठ्या छेदांत हजारीं एकदोन होत, त्या हजारीं चारपांचांवर गेल्या. १९९५ सालीं अमेरिकन सर्जन स्ट्रासबर्ग यांनीं आग्रहानें सांगितलें कीं, पिशवींत शिरणाऱ्या दोनच गोष्टी, एक नळी व एक धमनी, स्वच्छ वेगळ्या दिसल्यावांचून कशासहि कात्री लावूं नये. न दिसल्यास पोट मोठें उघडावें. त्यांत कमीपणा नाहीं. शिवाय प्रत्येक खड्यास शस्त्र लागतें असेंहि नाहीं. पुष्कळांच्या पोटांत खडे आजन्म निमूटपणें पडून राहतात. कळ देणारा खडा व मुका खडा यांत भेद केलाच पाहिजे.

आतां राहिली विश्रांतीची गोष्ट. बहिणीस पहिले दोन दिवस खांदा दुखे. पोट फुगविण्यास भरलेल्या वायूमुळें असें होतें, हें डॉक्टरांनीं आधींच सांगितलें होतें. चवथ्या दिवशीं आम्ही समाचारास गेलों, तों ती ओट्याशीं कणीक मळीत उभी! ‘चारच तर टाके आहेत,’ ती म्हणाली. आणि तिच्या घरच्यांचाहि समज तोच होता. त्या क्षणीं आम्हांस आत्याबाई आठवल्या. वीतभर जखमेनें त्यांस सहा आठवडे कोणी कळशी उचलूं दिली नव्हती. शेजारणींनीं पोळ्या करून पाठविल्या, आणि लग्नानंतर प्रथमच त्यांच्या हातीं आयतें ताट आलें. तेवढी विश्रांति आपणांस त्या जखमेनेंच दिली, असें त्या पुढें हंसत सांगत. बाटलींत घालून दिलेले आपले सतरा खडे त्यांनीं कपाटांत जपून ठेविले होते. कोणी ‘पित्त’ म्हणून दुखणें उडवून लावूं लागलें कीं त्या ती बाटली काढून समोर ठेवीत.

उडवाडियांनीं मजुराचा विचार केला. त्यास लवकर मिळालेला दिवस मजुरी देतो. घरांतील स्त्रीस लवकर मिळालेला दिवस काय देतो? आपण जागरूक नसलों तर केवळ तिचें काम लवकर परत देतो. पोटावरचे टाके चार असले तरी आंतून एक अवयव काढलेला असतो, व आंतल्या जखमेस भरावयाला तिचा तिचा काळ लागतो. बर्लिनच्या त्या गृहस्थास सहा आठवडे मिळाले. आमच्या बहिणीस निदान दोन तरी मिळावयास नकोत काय?

त्या दिवशीं कणकेची परात तिच्या पुढ्यांतून उचलून आम्ही तिच्या यजमानांपुढें ठेवली. पोळ्या वेड्यावांकड्या झाल्या, पण झाल्या. आणि रात्रीं-अपरात्रीं घरांतील कोणी भिंतीला टेकून बसलेली दिसली, तर ‘पित्त झालें असेल’ असें म्हणून कूस बदलण्यापूर्वीं वाचकांनीं तिला एवढेंच विचारावें: ‘कोठें दुखतें तें दाखव पाहूं.’