कुलोमच्या आधी, ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागे

गेल्या हिवाळ्यात आमची कन्यका ए-लेव्हल फिजिक्सचं एक गणित घेऊन आली. समभुज त्रिकोणाच्या तिन्ही कोपऱ्यांवर सारखे प्रभार. एकावर एकूण बल किती? मी म्हटलं, "दोन-दोनच्या जोड्या कर, कुलोमचा नियम लाव, मग दिशा सांभाळून बेरीज." उत्तर आलं, एका जोडीच्या बलाच्या √३ पट. मी खूश. तर ही विचारते, "पण बाबा, अंतराचा वर्गच कशावरून? १.९ वा घात का नाही?"

बारावीत मला हे सुचलं नव्हतं. शोधायला लागलो, तर मंडळी, उत्तर निघालं लंडनमध्येच! ऑक्सफर्ड स्ट्रीटच्या मागे ग्रेट मार्लबरो स्ट्रीट आहे. तिथे वडिलांच्या घरी राहणाऱ्या हेन्री कॅव्हेंडिशने डिसेंबर १७७२ मध्ये हा प्रश्न सोडवला होता. माणूस अतिशय लाजाळू. जेवणाच्या सूचनासुद्धा नोकरांना चिठ्ठीवर लिहून देई म्हणतात.

प्रयोगाचं सामान आपल्या शाळेतल्यासारखं: १२.१ इंच व्यासाचा गोल, वर कथलाचा वर्ख. त्याभोवती न चिकटता मिटणारे दोन पोकळ अर्धगोल. आतला आणि बाहेरचा गोल तारेने जोडायचा, बाहेरच्याला विद्युतभार द्यायचा, रेशमी दोऱ्याने तार ओढून काढायची, अर्धगोल उघडायचे आणि आतल्या गोलाला भेंडाच्या गोळ्या लावून बघायचं. गोळ्या हलल्याच नाहीत. आत भार शून्य!

यातली खुबी अशी. पोकळ गोलाच्या आत कुठेही उभे राहा, जवळच्या बाजूचा तुकडा छोटा, लांबच्या बाजूचा मोठा. क्षेत्रफळ अंतराच्या वर्गाने वाढतं. बल बरोबर वर्गानेच कमी होत असेल तरच दोन्ही बाजू फिटतात. घात जरा जरी इकडेतिकडे झाला, तरी आतल्या गोलावर भार उरणार. आपल्या गोळ्यांना किती कमी भार कळतो हेही त्याने तपासलं आणि लिहून ठेवलं: घात २ पासून १/५० पेक्षा जास्त ढळत नाही.

आणि छापलं नाही! याचा मला अजून राग येतो. विजेवर त्याने दोनच निबंध प्रसिद्ध केले, १७७१ आणि १७७६ साली. हा प्रयोग कागदांतच राहिला. फ्रान्समध्ये कुलोमने पिळाच्या तराजूने स्वतंत्रपणे मोजून १७८५ मध्ये जाहीर केलं. नाव त्याचं लागलं ते योग्यच.

कॅव्हेंडिश १८१० मध्ये गेला. ते कागद पुढे केंब्रिजला मॅक्सवेलच्या हाती आले. स्वतःची कामं बाजूला सारून त्याने पाच वर्षं ते लावले, प्रयोगही पुन्हा करवला. आता फरक २१६०० त एक भागापेक्षा कमी निघाला. पुस्तक निघालं ऑक्टोबर १८७९ मध्ये, आणि ५ नोव्हेंबरला मॅक्सवेल गेला.

मुलीला हे सगळं सांगितलं. तिने वहीत १.९८ ते २.०२ असं लिहिलं आणि म्हणाली, "म्हणजे माझा १.९ तेव्हाच बाद."