दोन गुण, तीन दोष

कॉफीविषयी हिंदुस्थानी बोलीत एक जुनी म्हण होती. तिच्यात कॉफीचा सरळ जमाखर्च मांडला होता. जमेला दोन गोष्टी: कफ कमी होतो आणि वायू सरतो. खर्चाला तीन: वीर्य घटते, अंगातले बळ जाते आणि रक्ताचे पाणी होते. एकूण हिशेब तोट्याचा. ही म्हण महात्मा गांधींनी आपल्या आरोग्यविषयक छोट्या पुस्तकात नोंदवून ठेवली. १९४२ मध्ये पुण्याच्या आगाखान पॅलेसमध्ये स्थानबद्ध असताना ते पुस्तक त्यांनी लिहिले.

म्हणीची भाषा जुनी आहे, पण वस्तू नवी. कफ आणि वायू हे शब्द आयुर्वेदाचे. सुश्रुतसंहितेच्या परंपरेनुसार सुश्रुताचा गुरू दिवोदास हा काशीचाच राजा. कॉफी मात्र बाबा बुदन यांनी येमेनमधून सात बिया आणून चिकमगळूरच्या डोंगरात लावल्या, असे परंपरा सांगते. तो काळ सतराव्या शतकाचा. म्हणजे ज्या पेयाचा प्राचीन वैद्यांना पत्ताही नव्हता, त्याला लोकांनी घरच्याच मापाने मोजले. परका पाहुणा घरात आला की त्याचे गोत्र विचारावे, तसाच हा प्रकार.

काशीत कॉफी मुख्यतः दक्षिणेच्या वाटेने रुळली. केदार घाट आणि हनुमान घाट या भागांत तमिळ, तेलुगू आणि कन्नड कुटुंबांची जुनी वस्ती आहे. कवी सुब्रह्मण्य भारती १८९८ ते १९०२ या काळात याच परिसरात राहिले. त्यांच्या तमिळ मुलखात पुढे विसाव्या शतकाच्या आरंभी कॉफीवरून चांगलाच वाद रंगला. रात्रीच्या भाताची सकाळची न्याहारी कॉफीने हटवली, ही वडीलधाऱ्यांची तक्रार होती. दुर्गा घाट आणि ब्रह्मा घाटाकडे मराठी वस्ती. मराठी घरांतल्या कॉफीची तऱ्हा वेगळी: भरपूर दूध, साखर, वेलदोडा आणि वर जायफळ. झोप उडवणाऱ्या पेयात झोप आणणारे जायफळ किसून घालायचे, ही आपली तडजोड. बाकी शहर चहाचे. अस्सीवरची चहाची टपरी तर काशीनाथ सिंह यांच्या ‘काशी का अस्सी’मुळे हिंदी साहित्यात अमर झाली. अलीकडच्या पिढ्यांसाठी हिंदू विश्वविद्यालयाच्या आवारातल्या विश्वनाथ मंदिराजवळ कोल्ड कॉफी मिळते.

अशा शहरात ‘इतकी घेऊ नका’ असे सांगणाऱ्याला काय उत्तर मिळेल? बाहेरच्या माणसाला वाटते, जिथे मरण म्हणजे मुक्ती, तिथे प्रकृतीची फिकीर कोण करणार. हा समज सोपा आहे आणि चुकीचाही आहे. काशीवासासाठी येणारी माणसे शरीर उधळायला येत नसत. पहाटेचे स्नान, उपास, एकभुक्त राहणे, असा तो बांधलेला दिनक्रम असे. पाचव्या पेल्याचे समर्थन श्रद्धेतून येत नाही. ते जगभर ज्या युक्तिवादातून येते त्यातूनच इथेही येते: आमचे आजोबा दिवसाला दहा कप पीत आणि नव्वदीपर्यंत जगले. ज्यांचे आजोबा पन्नाशीत गेले, ते हा दाखला द्यायला टपरीवर बसत नाहीत, एवढेच.

दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे: डॉक्टर आज एक सांगतात, उद्या दुसरे. यात तथ्य आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९१ मध्ये कॉफीला मूत्राशयाच्या कर्करोगाचे संभाव्य कारण मानले होते. २०१६ मध्ये अधिक पुरावा तपासून त्याच संस्थेने ते वर्गीकरण मागे घेतले. मात्र त्याच वेळी ६५ अंश सेल्सिअसपेक्षा जास्त गरम पेये अन्ननलिकेच्या कर्करोगाला बहुधा कारण ठरतात, असेही सांगितले. म्हणजे संशय कॉफीवरून उठून उकळत्या कपावर गेला. मत बदलले म्हणून शास्त्र खोटे ठरत नाही. आणि जीभ भाजेल असा कुल्हड दोन मिनिटे थांबून प्यायला तर कोणाचाही स्वाभिमान दुखावत नाही.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषदेच्या हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०२४ मध्ये आहाराची नवी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत कॅफीनची दिवसाची मर्यादा ३०० मिलिग्रॅम दिली आहे. पावडर उकळून किंवा गाळून केलेल्या १५० मिलिलिटर कॉफीत ८० ते १२० मिलिग्रॅम कॅफीन असते. म्हणजे साधारण तीन कप. पण त्याहून महत्त्वाची सूचना वेळेची आहे: जेवणाआधी आणि जेवणानंतर किमान तासभर चहा-कॉफी टाळा, कारण त्यांतील टॅनिन अन्नातले लोह शरीरात शोषू देत नाही.

इथे ती जुनी म्हण पुन्हा आठवते. वीर्य आणि बळ यांविषयीचे तिचे म्हणणे सोडून देता येईल. रक्ताचे पाणी होते, हे वाक्य मात्र रक्तक्षयाच्या देशात सहज सोडून देता येत नाही. २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार १५ ते ४९ वयोगटातील ५७ टक्के स्त्रियांना रक्तक्षय आहे. त्याची कारणे अनेक आहेत आणि मूळ कारण अपुरे अन्न. कप हा त्यातला लहान भागीदार. पण टपरीवर फुशारकीने पाचवा पेला मागवणारा गृहस्थ आणि सर्वांचे झाल्यावर उरलेली पोळी चहात बुडवून जेवण आटोपणारी बाई, या दोघांचा धोका सारखा नाही. त्याने तो निवडलेला आहे. तिच्या बाबतीत निवडीचा प्रश्नच आलेला नाही.

गांधींनी या हिशेबात आणखी एक रकाना आधीच घातला होता. १९१३ मध्ये दक्षिण आफ्रिकेत लिहिलेल्या आरोग्यविषयक लेखमालेत चहा, कॉफी आणि कोको यांना विरोध करताना, ही पिके बहुतांशी गिरमिटिया मजुरांच्या कष्टावर उभी आहेत, हाही मुद्दा त्यांनी मांडला. बनारस, गाझीपूर, आझमगढ या जिल्ह्यांना तो शब्द परका नव्हता. तिथलीच माणसे गिरमिटावर अंगठा उठवून मॉरिशस आणि फिजीच्या उसाच्या मळ्यांवर गेली होती. कपाची किंमत पिणाऱ्याच्याच शरीरातून वसूल होते असे नाही, हे त्या घरांना कोणी समजावून सांगायची गरज नव्हती.

‘माझी प्रकृती, माझा कप’ हे म्हणणे रास्त आहे, आणि प्रौढ माणसाला त्याची कॉफी सुखाने पिऊ द्यावी. फक्त घरात जेवणाची ताटे मांडली जात असताना कॉफीचे आधण ठेवायला सांगण्यापूर्वी, सर्वांत शेवटी कोण जेवते आणि कशाबरोबर, एवढे एकदा पाहावे.