शंकूची सावली आणि कोनाचा दुभाजक

शाळेत कोनदुभाजक काढायला आपल्याला दोन मिनिटं पुरतात. शिरोबिंदूवरून दोन्ही भुजांना छेदणारा कंस, त्या छेदनबिंदूंवरून समान त्रिज्येचे आणखी दोन कंस, आणि ते भेटतात तिथून शिरोबिंदूपर्यंत रेषा. हे बरोबर का येतं, हा प्रश्न बहुतेकदा राहूनच जातो. म्हणून आज आपण कागद बाजूला ठेवून जमिनीवरून सुरुवात करू.

कात्यायनाच्या शुल्बसूत्रात वेदीसाठी दिशा ठरवण्याची रीत आहे. सपाट जमिनीत शंकू रोवायचा आणि त्याच्या उंचीएवढ्या दोरीनं भोवती वर्तुळ आखायचं. दुपारपूर्वी सावलीचं टोक वर्तुळात शिरतं तिथे एक खुंटी, दुपारनंतर बाहेर पडतं तिथे दुसरी. खुंट्या जोडल्या की पूर्व-पश्चिम रेषा मिळाली. मग त्यांच्यातल्या अंतरापेक्षा लांब दोरी खुंट्यांना बांधायची, मध्याला धरून एकदा दक्षिणेकडे आणि एकदा उत्तरेकडे ताणायची. त्या दोन खुणांमधली रेषा उत्तर-दक्षिण. आता शंकूपासून दोन्ही खुंट्यांपर्यंत मनातल्या मनात रेषा ओढा. सारख्या लांबीच्या दोन सावल्यांमधला कोन आपण दुभागला, बरं का!

आपलं नाशिक 20 अक्षांशावर आहे, त्यामुळे इथे एक गंमत होते. मार्चच्या विषुवदिनी या दोन सावल्यांत सुमारे 137 अंशांचा कोन पडतो आणि सावली साडेपाच तास वर्तुळात राहते. डिसेंबरच्या अखेरीस मात्र माध्यान्हीची सावलीच शंकूच्या 0.95 पट असते. ती जेमतेम आत शिरते, दीड-पावणेदोन तासांत बाहेर पडते, आणि कोन उरतो तीसेक अंशांचा. दिल्लीला तर तेव्हा ती आत शिरतच नाही. तिथे मोठं वर्तुळ आखावं लागेल.

युक्लिडच्या पहिल्या पुस्तकातली नववी प्रतिज्ञा यापेक्षा फार वेगळं काही करत नाही. भुजांवर समान अंतरं घ्या, ते बिंदू जोडा, त्या रेषाखंडावर समभुज त्रिकोण रचा, आणि त्याचं टोक शिरोबिंदूला जोडा. ताणलेली दोरी समद्विभुज त्रिकोण देते, एवढाच फरक. दोन्हीकडे बाबाबा कसोटीनं दोन त्रिकोण एकरूप होतात आणि कोन समान निघतात.

मग ‘हे आपल्याकडे आधीच होतं’ असं म्हणायचं का? रीत होती, आणि ती अचूक होती. पण सूत्र काय करायचं ते सांगतं, का ते सांगत नाही. शिवाय आपल्या जुन्या गणिताचा जीव भुजा, कर्ण, ज्या यांच्यात. कोणताही कोन घेऊन त्याचाच अभ्यास करणं ही त्याची चाल नव्हती. आमच्या मते हा फरक झाकण्यात काही मोठेपणा नाही.

ती चाल संस्कृतात आणली जगन्नाथ सम्राटांनी. हे मूळचे महाराष्ट्रातले असं परंपरा सांगते. आमेरच्या सवाई जयसिंगांच्या पदरी असताना, 1718 च्या सुमारास, त्यांनी नसीरुद्दीन तूसीच्या अरबी पाठावरून युक्लिड ‘रेखागणित’ या नावानं उतरवला. म्हणजे ग्रीक सिद्धता अरबीतून संस्कृतात आली. तो ग्रंथ पुढे 1901-02 मध्ये मुंबईच्या संस्कृत ग्रंथमालेत छापला गेला.