म्हातारा कुत्रा अचानक तोल जाऊन पडतोय? लकवा समजण्याआधी हे वाचा

रात्री नीट जेवलेला, अंगणात फिरलेला बारा-तेरा वर्षांचा कुत्रा सकाळी उठायला जातो आणि एका बाजूला कोसळतो. मान वाकडी झालेली असते. पुन्हा उठायचा प्रयत्न करतो, तर गोल फिरून त्याच बाजूला पडतो. तोंडातून लाळ येते, उलटी होते आणि डोळ्यांची बुबुळं एकसारखी डावी-उजवीकडे हलत राहतात.

घरात लगेच निदान सुरू होतं. कुणी म्हणतं लकवा मारला, कुणी म्हणतं पिसाळला, कुणी म्हणतं साप चावला. शेजारचा सल्ला देतो, "आता हाल नका करू, इंजेक्शन देऊन मोकळं करा." दारव्ह्यासारख्या तालुक्याच्या गावात कुत्र्यांचा खास डॉक्टर हाकेच्या अंतरावर नसतो. त्यामुळे पहिल्या काही तासांत घरचेच निर्णय घेतात, आणि नेमक्या याच तासांत चुकीचा निर्णय होण्याची भीती जास्त असते.

कारण म्हाताऱ्या कुत्र्यांमध्ये असा झटका पुष्कळदा मरणाचा नसतो. तो तोल सांभाळणाऱ्या यंत्रणेतला बिघाड असतो आणि बऱ्याचदा दोन-तीन आठवड्यांत आपोआप ओसरतो.

नेमकं होतं काय?

कान फक्त ऐकण्यासाठी नसतो. कानाच्या अगदी आतल्या भागात द्रव भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात. डोकं हललं की आतला द्रव हलतो आणि 'आपण कुठे वळलो' हा निरोप मज्जातंतूतून मेंदूकडे जातो. या यंत्रणेला व्हेस्टिब्युलर यंत्रणा म्हणतात.

दोन्ही कानांकडून हे निरोप सतत सारख्या जोराने जात असतात. एका बाजूचा निरोप अचानक मंदावला, की जागेवर बसलेल्या कुत्र्यालाही आपण गरगर फिरतोय असं वाटतं. म्हणून मान बिघडलेल्या बाजूला झुकते, पाय त्याच बाजूला जातात आणि बुबुळं झटके खातात. उलटी होते ती चक्करेमुळे, घाटात गाडी लागल्यावर माणसाला होते तशी.

म्हाताऱ्या कुत्र्यांत अनेकदा या बिघाडाचं कारण सापडतच नाही. डॉक्टर त्याला म्हातारपणाचा व्हेस्टिब्युलर आजार म्हणतात. गावठी असो की जातिवंत, तो कुणालाही होऊ शकतो.

लकव्याशी गल्लत का होते?

दोन्हींत कुत्रा उभा राहू शकत नाही, म्हणून. पण फरक पाहता येतो. लकव्यात पायातली ताकद जाते. इथे पायांत जोर असतो, तोल नसतो. कुत्रा चारही पाय मारतो, उठायची धडपड करतो, हाक मारली की कान टवकारतो, घरच्यांना ओळखतो.

डोळ्यांकडेही नीट पाहा. बुबुळं आडवी हलत असतील किंवा गोल फिरल्यासारखी दिसत असतील, तर बिघाड बहुधा कानाच्या बाजूचा असतो. ती वर-खाली हलत असतील, तर मेंदूतल्या बिघाडाची शंका घ्यावी लागते.

पिसाळल्याची शंका असेल तर?

रेबीजमध्येही कुत्रा लडखडतो, त्यामुळे ही शंका उडवून लावू नका. खालचा जबडा लोंबकळणं, पाणी गिळता न येणं, आवाज बदलणं, विनाकारण अंगावर येणं किंवा अंधारात दडून बसणं ही लक्षणं असतील, शिवाय लस चुकलेली असेल, तर त्याला एका खोलीत वेगळं ठेवा. तोंडात हात घालू नका. तो चावला किंवा त्याची लाळ जखमेला लागली, तर ती जागा साबण आणि वाहत्या पाण्याने १५ मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जाऊन माणसाची लस सुरू करा. हे थांबवून ठेवण्याचं काम नाही.

आणखी कोणती कारणं तपासायची?

• कानाचा संसर्ग : कानाला वास, पू, सतत खाजवणं. पडद्यामागे गेलेला संसर्ग तोल घालवतो. यावर औषध आहे आणि ते वेळेत मिळायला हवं.
• औषधांचा परिणाम : जुलाबावर दिलं जाणारं मेट्रोनिडॅझोल जास्त प्रमाणात किंवा फार दिवस दिलं, तरी तोल जातो. पडदा फाटलेला असताना कानात टाकलेले काही थेंबही आतल्या कानाला इजा करतात.
• विषबाधा : यवतमाळ कापसाचा जिल्हा आहे. फवारणीच्या विषबाधेने माणसं दगावल्यामुळे २०१७ मध्ये हा जिल्हा देशभर चर्चेत आला होता. शेतावर जाणाऱ्या कुत्र्यालाही तोच धोका असतो. भरपूर लाळ, अंग थरथरणं, जुलाब, बारीक झालेली बुबुळं दिसली तर तासभरही थांबू नका. औषधाचा डबा सोबत न्या. गोचिडांसाठी ढोरांना लावायचं औषध कुत्र्याला जास्त लागलं, तरी तो झोकांड्या खातो.
• उष्माघात : विदर्भातल्या एप्रिल-मे महिन्यांत हे आधी आठवा. कुत्र्याचं नेहमीचं तापमान साधारण १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असतं. ते १०५ च्या वर गेलं तर जिवाला धोका आहे. सावलीत न्या, अंगावर साधं पाणी टाका, वारा घाला आणि दवाखाना गाठा.
• इतर : थायरॉइड कमी पडणं, गोचिडांमुळे होणारे ताप, मेंदूतली गाठ किंवा रक्तपुरवठ्यातला अडथळा.

पहिल्या दिवशी घरी काय करायचं?

१. जमिनीवरच ठेवा. खाट, दिवाण, ओटा नको. गुळगुळीत फरशीवर पाय घसरतात, म्हणून गोणपाट किंवा सतरंजी अंथरा.
२. जिना, गच्ची आणि विहिरीकडची वाट बंद करा.
३. डोळ्यांचा आणि चालण्याचा मोबाइलवर व्हिडिओ काढा. दवाखान्यात पोचेपर्यंत लक्षणं बदलू शकतात. डॉक्टरांना तो व्हिडिओ फार उपयोगी पडतो.
४. उचलायचं असेल तर अंगाशी घट्ट धरून, हळू उचला. लोंबकळत उचललं की चक्कर वाढते.
५. उलटी थांबेपर्यंत खाणं देऊ नका. नंतर डोकं वर धरून थोडं थोडं पाणी द्या. आडव्या कुत्र्याच्या तोंडात पाणी ओतलं तर ते श्वासनलिकेत जातं.
६. पोटाखालून दुपट्टा किंवा टॉवेल घालून आधार द्या आणि लघवीला बाहेर न्या.
७. उठतच नसेल तर दर तीन-चार तासांनी कूस बदला.
८. रात्री मंद दिवा चालू ठेवा. कानाकडून निरोप नीट मिळत नसताना कुत्रा तोल सांभाळायला डोळ्यांवर विसंबतो.

काय करू नका?

कानात कोमट तेल टाकू नका. माणसांच्या चक्करेच्या गोळ्या, पॅरासिटामॉल किंवा आयब्रुफेन मनाने देऊ नका. माणसांची वेदनाशामक औषधं कुत्र्याच्या यकृताला, पोटाला आणि मूत्रपिंडाला घातक ठरू शकतात.

दारव्ह्यातून जायचं कुठे?

पहिली जागा गावातला सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना, म्हणजे आपला ढोरांचा दवाखाना. तिथले डॉक्टर रोज गाई-म्हशी जास्त पाहत असले, तरी कान तपासणं, ताप पाहणं, उलटी थांबवणं, सलाइन लावणं ही कामं तिथे होऊ शकतात. फिरत्या पशुचिकित्सा पथकाचा टोल फ्री क्रमांक १९६२ आहे. फोन केल्यावर रुग्ण कुत्रा आहे हे आधी सांगा.

पुढच्या तपासण्यांसाठी सुमारे ४० किलोमीटरवर जिल्ह्याचं ठिकाण यवतमाळ आहे. त्याहून मोठी सोय लागली तर अकोल्याची स्नातकोत्तर पशुवैद्यक व पशुविज्ञान संस्था आणि नागपूरचं पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. पण चक्कर जोरात असताना लांबचा प्रवास कुत्र्याला सोसत नाही. धोक्याची लक्षणं नसतील तर आधी जवळ दाखवा आणि पुढे न्यायचं का, ते त्या डॉक्टरांशी बोलून ठरवा.

धोक्याची लक्षणं कोणती?

• बुबुळं वर-खाली हलणं
• पंजा उलटा पडला तरी तो सरळ न करणं
• शरीराच्या एका बाजूची ताकद जाणं
• सुस्ती, हाकेला प्रतिसाद नसणं, फिट येणं
• तीन दिवसांनंतर प्रकृती सुधारण्याऐवजी बिघडणं

यातलं एकही लक्षण दिसलं तर वाट पाहू नका.

बरं व्हायला किती दिवस लागतात?

कारण न सापडणाऱ्या प्रकारात पहिले २४ ते ४८ तास सर्वांत वाईट असतात. साधारण ७२ तासांत बुबुळांचे झटके कमी होऊ लागतात, उलटी थांबते. आठवडा-दहा दिवसांत कुत्रा लडखडत का होईना, चालू लागतो. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक कुत्रे आपल्या जुन्या दिनक्रमावर येतात. काहींची मान थोडी तिरपी राहते, ती कायमची. त्याचा त्यांना फारसा त्रास होत नाही. काही कुत्र्यांना असा झटका पुन्हा येऊ शकतो.

या आजाराला बरं करणारं असं खास औषध नाही. डॉक्टर चक्कर आणि उलटीवर उपचार करतात, बाकीचं काम मेंदू करतो. बिघडलेल्या बाजूचा निरोप सोडून उरलेल्या खुणांवर चालायला तो शिकतो. त्यासाठी कुत्र्याला आधार देऊन रोज थोडं थोडं चालवणं चांगलं.

मग 'इंजेक्शन'चा निर्णय?

काही आजारांत तो निर्णय योग्य आणि दयेचाही असतो. पण तो पहिल्या दिवशीच्या दृश्यावरून घेऊ नका. म्हातारपणाचा व्हेस्टिब्युलर आजार पहिल्या दिवशी जितका भयंकर दिसतो, तितका तो पुढे राहत नाही. विषबाधा, रेबीज, उष्माघात आणि वर दिलेली धोक्याची लक्षणं नाहीत, असं डॉक्टरांनी सांगितलं असेल, तर कुत्र्याला किमान तीन दिवस द्या. चौथ्या दिवशी तो स्वतःहून मान वर करून भाकरीकडे पाहत असेल, तर पुढचं काय करायचं ते त्यानेच सांगितलेलं असतं.