चारित्र्य पडताळणी (धाराशिव जिल्हा)

नोकरी वा परवाना देण्यापूर्वी अर्जदाराचे गुन्हेविषयक पूर्ववृत्त पोलीस दप्तरातून तपासण्याची प्रशासकीय प्रक्रिया.

या पद्धतीपूर्वी व्यक्तीऐवजी जन्मावरून संशय घेणारी जुनी वहिवाट होती. ब्रिटिश हिंदुस्थानात १८७१ च्या गुन्हेगार जमाती कायद्याने संपूर्ण जमाती नोंदवहीत बांधल्या. त्या १९५२ मध्ये विमुक्त झाल्या (पहा : विमुक्त जमाती). त्यांपैकी पारध्यांची जिल्ह्यात वस्ती आहे (पहा : पारधी).

जिल्ह्यात चारित्र्य पडताळणीचे प्रमाणपत्र पोलीस अधीक्षक कार्यालयातून मिळते. अर्ज ऑनलाइन होतो. राहत्या ठिकाणच्या पोलीस ठाण्याकडून अहवाल घेतला जातो. शासकीय नियुक्तीत उमेदवार स्वतःच्या पूर्ववृत्ताची माहिती देणारा साक्षांकन नमुना भरतो. शस्त्र परवान्यासाठी शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम १३ नुसार पोलीस अहवाल मागवला जातो. खाजगी सुरक्षारक्षकाची पडताळणी खाजगी सुरक्षा संस्थांविषयीच्या २००५ च्या अधिनियमाने आवश्यक आहे.

दाखल गुन्हा, प्रलंबित खटला, निर्दोष मुक्तता आणि दोषसिद्धी या भिन्न अवस्था होत. व्यवहारात त्यांची सरमिसळ होते. अवतार सिंग विरुद्ध भारत सरकार (२०१६) या निवाड्यात सर्वोच्च न्यायालयाने उमेदवाराने माहिती दडवणे व खोटी माहिती देणे यांबाबत निकष घातले. त्यांनुसार किरकोळ गुन्हा लपवल्यास नियोक्ता त्याकडे विवेकाने दुर्लक्ष करू शकतो; मात्र खरी माहिती दिली तरी नियुक्ती देण्याची सक्ती नाही (पहा : पोलीस प्रशासन, लोकसेवा हक्क).